मराठ्यांनी बंदूक नाकारली?

मराठे ढाल-तलवारीतच रमले, बंदुकीला त्यांनी कमी लेखले, म्हणून 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला पेशवाईचा कणा मोडला, असे पुण्यात छातीठोकपणे सांगितले जाते. हे मत साफ चुकीचे आहे.

कोकणचे हेटकरी बंदुकीचे नेमबाज म्हणून नावाजलेले होते. 1761 साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पायदळाने रोहिल्यांची फळी फोडली. खुद्द खडकीला पेशव्यांच्या बाजूने पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची कवायती पलटण चालून गेली. मग बंदूक नाकारली कोणी?

फरक कुठे पडला, ते शिपायाच्या हाताकडे पाहिले की कळते. तोड्याच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची आणि एवढे होईतो पेटता तोडा जपायचा. पाऊस आला की सगळे थंड! चकमकीच्या बंदुकीने तोडा हद्दपार केला. कागदी काडतुसाने मोजलेली दारू आणि गोळी एकत्र आणली. पण या सुधारणेचे चीज होण्यासाठी सगळ्या रांगेला एकाच मापाची काडतुसे आणि हुकमाशिवाय चाप न ओढण्याची सवय लागते. खडकीला बापू गोखल्यांचे घोडदळ दलदलीत रुतले, तेव्हा समोरच्या इंग्रजांच्या पलटणीने राखून ठेवलेला बार एकदम काढला. तिथे कवायत जिंकली.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की शिपायाचे शस्त्र कारखाना, दारूगोळा आणि तालीम मिळून घडते. महादजी शिंद्यांनी हे ओळखले होते. त्यांचा युरोपीय सेनानी डी बॉयन याच्या पलटणींसाठी त्यांच्या राज्यात आग्र्याला बंदुका तयार होत. इंग्रजांनीही ते ओळखले. धातूच्या काडतुसाचे युग सुरू होताच, 1869 साली, त्यांनी याच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना काढला. पुढे पाषाणच्या संशोधन संस्थेने इन्सास रायफल घडवली, तेव्हाही मोठा बदल काडतुसातच होता. जुन्या 7.62 मिलिमीटरच्या काडतुसाचे वजन सुमारे 24 ग्रॅम, नव्या 5.56 चे सुमारे 12. तेवढ्याच ओझ्यात जवानाला दुप्पट गोळ्या नेता आल्या.

2024 साली दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, याचा आनंदच आहे. मात्र पट्टा फिरवणाऱ्या वीराबरोबर पाते घडवणारा लोहार आणि काडतूस भरणारा खडकीचा कामगारही शाळेच्या पुस्तकात आला पाहिजे. शौर्य आपल्याकडे कधीच कमी नव्हते. त्याला वेळेवर, एकाच मापाचा दारूगोळा पुरवणारी व्यवस्था उभी करणे, हीसुद्धा मर्दुमकीच आहे.