पाहुण्यांसाठी नव्हे, पोरांसाठी

दिवाळीचा फराळ आणि मुलांचे कवितागायन यांची जोडी आमच्या महालात जुनी आहे. पाहुण्याने चिवड्याचा घास घेतला न घेतला तोच हाक येते, "बाळ, काकांना इंग्रजी कविता म्हणून दाखव बरं!" बाळ दाखवतो, काका मान डोलावतात. पण काकांनी कवितेतलाच एखादा साधा प्रश्न इंग्रजीत विचारला, की बाळ आईच्या मागे!

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीत येई. तेव्हापासून इवल्या जिभांसाठी कविता निवडण्याचे काम घरोघरी येऊन पडले आहे. निवडताना आपण विचार करतो तो पाहुण्यांचा! कविता जितकी अवघड, तितके पोर हुशार. पोराला मात्र इंग्रजी म्हणजे घोकायची आणि घाबरायची गोष्ट वाटू लागते. ही भीती पुढे कॉलेजातही पाठ सोडत नाही.

संध्याकाळी शेजारची चार पोरे माझ्याकडे इंग्रजीला येतात. त्यांच्यासाठी मी कवितेच्या तीन परीक्षा घेते.

पहिली टाळीची. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचे माप देतो; इंग्रजी मात्र काही अक्षरांवर जोर देते आणि मधली भरभर गिळते. हे समजावून कळत नाही, टाळी वाजवून कळते. 'अ' आणि 'द' ही मराठीत नसलेली उपपदेही ठेक्याबरोबर तोंडात बसतात.

दुसरी बोटाची. कवितेतल्या वस्तूकडे मुलाला बोट दाखवता यावे. नाक, कान, मांजर ठीक. डॅफोडिलची फुले महालात कोठून आणायची? पावसाला परत जायला सांगणारे इंग्रजी गाणे घेतले, तर आपले पावसाला बोलावणारेही गावे. पंचेचाळीस अंशांत भाजून निघालेली नागपूरची मुले या विरोधावर पोट धरून हसतात, आणि अर्थ लक्षात राहतो.

तिसरी परीक्षा बोलण्याची. कवितेतले वाक्य उद्या तोंडी येईल का? जेन टेलरबाईंची १८०६ सालची ताऱ्याची कविता गोड खरी; तिच्या पाच कडव्यांपैकी आपण बहुधा एकच गातो. पण तिची वाक्यरचना रोजच्या बोलण्याची नव्हे. ती निजवताना गावी. बोलायला शिकवताना म्हाताऱ्या मॅकडोनाल्डच्या शेताचे गाणे बरे. वाक्य तेच, प्राणी तेवढा बदलायचा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी आमची पोरे त्या शेतात हौसेने बैल बांधतात!

तेव्हा या सुट्टीत एकच छोटी कविता घ्या. तिच्यात मुलाने आपल्या पदरचा एक शब्द घातला, की भाषा त्याची होऊ लागली म्हणून समजा. तो शब्द चुकला तरी लगेच टोकू नका. ज्याला बोलावेसे वाटले, त्याला नीट बोलणे मागाहून येतेच.