बाकावरची जागा

मुलांनो, दिवाळी सरली म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातील कित्येक खेड्यांतून ऊसतोडणीसाठी बिऱ्हाडे बाहेर पडतात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि वर्गातील त्यांच्या जागा रिकाम्या होतात. कारखान्यांचे गाळप संपले की फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ही मुले परत येतात. त्या वेळी बाकावर सरकून त्यांना जागा देणारे कोणी असते काय? हा प्रश्न मला गणिताच्या उदाहरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मी मुख्याध्यापक असताना असाच एक मुलगा परत आला. मधल्या काळात त्याच्या सोबत्यांनी नवे जोडीदार शोधले होते. त्याला कोणी मारले नाही, कोणी टोचून बोलले नाही. पण कोणी हाकही मारली नाही. आठ दिवस तो भिंतीशी एकटा बसला आणि नवव्या दिवसापासून शाळेत येईनासा झाला. त्याचा राहिलेला अभ्यास भरून काढण्याची व्यवस्था मी केली होती. सोबतीची व्यवस्था करण्याचे मात्र मला सुचले नाही. ती चूक मला आजही सलते.

पुष्कळांना वाटते, आधी शिकावे, मोठे व्हावे. माणसे काय, मागाहून जोडता येतील. मला हे पटत नाही. आपली काळी जमीन वाफशावर आली म्हणजे शेतकरी पेरणीला विलंब लावीत नाही. बालपण हा मनाचा वाफसा आहे. त्या वेळी पेरलेला जिव्हाळा खोल रुजतो.

आपल्याच जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचे उदाहरण पाहा. लहान वयातच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या घरी राहावयास गेल्या. दळणकांडण करता करता त्यांनी लहानग्या नामदेवांनाही सांभाळले, असे परंपरा सांगते. पुढे नामदेवांची कीर्ती पंजाबापर्यंत पोहोचली. पण बालपणीचा तो जिव्हाळा आटला नाही. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात नामदेवांच्या घरातील माणसांची नावे येतात आणि शेवटी 'दासी जनी'चेही नाव येते. धनी आणि दासी हा भेद आज आपल्याला नको आहे. परंतु रक्ताचे नाते नसतानाही, नित्य एकमेकांच्या उपयोगी पडल्याने माणूस घरचा होतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. शेकडो माणसांच्या आयुष्याचा मागोवा अनेक दशके घेतल्यावर संशोधकांना असे आढळले की, ज्यांचे इतरांशी संबंध जिव्हाळ्याचे असतात ती माणसे अधिक सुखी व निरोगी राहतात. धन किंवा कीर्ती यांना ते तितकेसे साधत नाही.

नाते जोडण्यास द्रव्य लागत नाही. गैरहजर सोबत्याला आपली वही उतरवून घेऊ द्यावी. खेळात नवख्याला आपणहून घ्यावे. भांडण झाले तर सूर्य मावळण्यापूर्वी मिटवावे. ही कामे लहान आहेत. परंतु ती वेळीच केली असती, तर माझा तो विद्यार्थी शाळेत राहिला असता, असे मला वाटते.

उद्या वर्गात गेलात म्हणजे भिंतीशी कोण एकटे बसले आहे ते पाहा आणि आपल्या बाकावर थोडे सरकून बसा.