रविवार रिकामाच राहू द्या

निवासी शाळेच्या वेळापत्रकात एकच रकाना कोरा असतो, तो रविवारचा. अलीकडे पालक मेळाव्यांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या बैठकांत तो रकानाही भरून टाकावा, अशी सूचना वारंवार ऐकू येते. नीट, जेईई, नवोदय, शिष्यवृत्ती. परीक्षांची यादी वाढत चालली आहे. रविवारचे चार तास जादा तासिकांना दिले तर आपली मुले पुढे जातील, असा हिशेब त्यामागे आहे. सूचना करणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी हलाखीत शिक्षण घेतले आहे आणि पुढच्या पिढीची एक घटकाही वाया जाऊ नये, असे त्यांना मनापासून वाटते. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही काही माजी विद्यार्थी या सूचनेला आमचा विरोध नोंदवू इच्छितो.

ज्यांनी वसतिगृहात दिवस काढलेले नाहीत, त्यांना रविवारी मुले नेमके काय करतात हे सांगावे लागेल. वरकरणी पाहिले तर काहीच करीत नाहीत. सकाळची वंदना होते, नाश्ता होतो, आणि मग घंटा थांबते. हौदाजवळ बादल्यांची रांग लागते. आठवडाभराचे गणवेश, मोजे, टॉवेल धुवायचे असतात. आणि पाणी हा छत्रपती संभाजीनगरात साधा विषय नाही. पैठणचा नाथसागर तुडुंब भरलेला असला तरी शहरातील अनेक वस्त्यांना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतरानेच मिळते. त्यामुळे एका बादलीत किती कपडे निघतात, साबणाचे पाणी आधी पांढऱ्या सदऱ्याला आणि मग मोज्यांना कसे पुरवायचे, हे गणित इथली मुले पाचवीतच शिकतात. गाद्या उन्हात पडतात. पत्र्याची पेटी रिकामी करून पुन्हा लावली जाते आणि तळाशी हरवलेली पेन्सिल किंवा आईचा जुना फोटो सापडतो. कोणी बटण शिवीत बसलेला असतो. मोठी मुले परवानगीची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतात : केस कापायचे, सायकलचे पंक्चर काढायचे, चपलेचा अंगठा शिवून आणायचा, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात दहा दुकाने फिरून एकच वस्तू घ्यायची. दुपारी कॅरम, ढोलकी, चित्रांची वही, क्रिकेट. आणि सभागृहातील टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून कार्टून.

यात शिक्षण कोठे आहे, असा प्रश्न विचारला जातो. आम्ही आधी एक साधी बेरीज मांडतो. शाळेचे सहा तास, पहाटेचा अभ्यास दीड तास, संध्याकाळचा आणि रात्रीचा मिळून अडीच तास; म्हणजे दिवसाचे दहा तास. सहा दिवसांचे साठ. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यातील प्रौढ कामगाराची मर्यादा आठवड्याला ५४ तास होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. निवासी शाळेतील दहा वर्षांचे मूल आजच त्या ५४ तासांच्याही पुढे आहे, आणि आपण त्यात आणखी चारांची भर घालू पाहतो आहोत.

ही तुलना आम्ही सहज केलेली नाही. रविवारची सुटी आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. मुंबईतील गिरणी कामगारांना आठवड्याची निश्चित सुटी नव्हती तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून ही मागणी पुढे ठेवली. सहा वर्षे अर्ज, सभा, पाठपुरावा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. आपल्या शाळांतून त्यांची जयंती क्वचितच साजरी होते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

कामाचे ४८ तास करणाऱ्या १९४६ च्या दुरुस्तीमागे कोण होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न धसास लावला. तरीही रविवारच्या वर्गांचे समर्थन करताना सर्वांत आधी त्यांचेच नाव घेतले जाते. बाबासाहेब दिवसाचे अठरा तास अभ्यास करीत, मग आमची मुले रविवारी चार तास का करू शकत नाहीत, असे म्हटले जाते. जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो आम्हीही केला आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु तो वर्षातून एकदा, स्वेच्छेने केलेला असतो. लंडनच्या ग्रंथालयात बसलेले बाबासाहेब प्रौढ होते; काय वाचायचे ते त्यांनी स्वतः ठरवले होते आणि घंटा वाजवून त्यांना कोणी तेथे बसवले नव्हते. ज्या महापुरुषाने स्वतःसाठी अठरा तास निवडले, त्याच महापुरुषाने दुसऱ्यांवर आठवड्याला ४८ पेक्षा जास्त तास लादू दिले नाहीत. यातील पहिला अर्धा भाग आपण पाठ केला आणि दुसरा विसरलो.

फुरसतीविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते तर आजच्या चर्चेला थेट लागू पडते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू मांडली, ती याच कारणासाठी. पशू पोटापुरते जगतो. मनुष्याला त्यापलीकडे मनाची मशागत करायची असते आणि ती फुरसतीशिवाय होत नाही. यंत्राने श्रम वाचवावेत आणि ती फुरसत गरिबालाही मिळावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, त्यांनी चित्रकलेत रस घेतला, बाग लावली, कुत्र्यांवर जीव लावला. हे सर्व कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही.

आता आमच्या मुलांच्या घरांकडे पाहू. मराठवाड्यातील निवासी शाळांत कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. फडात साप्ताहिक सुटी नावाची गोष्ट नाही. आजारपणात एक दिवस कोयता थांबला तर तो खाडा धरला जातो आणि उचलीतून पैसे कापले जातात. वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत कंत्राटावर असलेल्या पालकांनाही सुटी रविवारीच मिळेल याची खात्री नसते. मिळालीच तर ते बस बदलत मुलाला भेटायला येतात. पहिल्या पिढीचे शिक्षण, पहिल्या पिढीचे पदवीधर, हे शब्द आपण अभिमानाने वापरतो. या मुलांचा रविवारही घराण्यातला पहिलाच आहे. आई डबा घेऊन फाटकाशी उभी आणि मूल सराव चाचणीला बसलेले, हे चित्र आम्हांला सहन होणार नाही.

कार्टूनविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त राग त्याच्यावर आहे. आमच्या वेळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी 'शक्तिमान' लागे आणि नेमकी तेव्हाच वीज जाई. आजच्या मुलांपुढे छोटा भीम आहे, स्पायडरमॅन आहे. एका लहानग्याने ढोलकपूरचा भीम पाहून "हा आपलाच भीम का?" असे विचारल्याचे एका गृहपालांनी आम्हांला सांगितले, त्याला काय उत्तर दिले, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. सगळीच कार्टून चांगली असतात असे आमचे म्हणणे नाही. त्यांतील मारामारी कंटाळवाणी असते आणि मधल्या जाहिराती तर त्याहून वाईट. पण मुले त्यात काय पाहतात, हे आपण कधी विचारले आहे का? १९३८ साली सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर ही अमेरिकेतील स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण मुले होती. त्यांचा नायक कोण, तर नष्ट होणाऱ्या जगातून वाचावा म्हणून आईवडिलांनी दूर, अनोळखी ठिकाणी पाठवलेले मूल. १९६२ मध्ये आलेला स्पायडरमॅन पोरका आहे, काकूजवळ वाढतो, पैशांची ओढाताण सोसतो आणि फाटलेला पोशाख स्वतः शिवतो. दूर पाठवले जाणे म्हणजे काय आणि तरीही आपल्यात काही शक्ती असू शकते हे कसे मानायचे, ते वसतिगृहातील मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ते त्याच्या पेटीतच असते.

शिवाय टीव्ही बंद झाल्यावर खरी गंमत सुरू होते. चित्रांच्या वहीत नवे नायक जन्माला येतात. कोणाच्या अंगात पाण्याचा टँकर हवेतून आणण्याची शक्ती असते. या रेघोट्यांना हसू नये. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रेखाटलेले 'भीमायन' हे बाबासाहेबांचे चित्रमय चरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रांतून गोष्ट सांगणे हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते अवश्य पाहावे. त्याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेणीत नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. भिक्खूंच्या विहारातही कोणीतरी नृत्यसंगीताला जागा ठेवली होती.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क देते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. ही बाब संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक असेलच.

मात्र रविवार आज आहे तसाच निर्दोष आहे, असेही नाही. मुलींच्या घरी सुटी म्हणजे भांडी, धुणे आणि धाकट्या भावंडांची राखण. वसतिगृहात तरी त्यांचा रविवार मुलांच्या रविवाराइतकाच लांब असावा. समारंभ आला की रांगोळी आणि सजावट मुलींकडे आणि मैदान मुलांकडे, ही वाटणी बंद व्हावी. दुसरे म्हणजे, रविवारी गोडधोडाचे जेवण असते आणि म्हणून स्वयंपाकघरातील मावशींना त्या दिवशी सर्वांत जास्त काम पडते. लोखंड्यांचे नाव घेऊन आम्ही मुलांची सुटी मागत असू, तर मावशींच्या सुटीविषयी गप्प बसणे शोभणार नाही. रविवारी संध्याकाळची खिचडी आठवी-नववीच्या मुलामुलींनी मिळून करावी. ती कधी करपेल, कधी खारट होईल. आम्ही माजी विद्यार्थी पाळीपाळीने येऊन मदत करू, आणि जेवायलाही थांबू.

ज्यांना जादा तासिका हव्याच आहेत, त्यांनी आठवड्यातील साठ तासांत काय शिकवले जाते, गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, ग्रंथालयाचे कपाट किती वेळा उघडते, हे आधी तपासावे. त्यासाठी लागणारा निधी उभा करण्यास आमच्या तुकडीची तयारी आहे. रविवारच्या रकान्याला मात्र हात लावू नये. आणि दुपारी टीव्हीचा रिमोट कोणाच्या हाती असावा, हा तंटा मुलांनी आपसांत मिटवावा. त्यातही संस्थेने पडू नये.