दिवंगतांचें स्मरण कसें करावें?

थोर पुरुष निवर्तला कीं चौकाचौकांत त्याचीं चित्रें लागतात, शाळाशाळांतून दोन मिनिटें स्तब्धता पाळली जाते, वर्तमानपत्रें रकानेच्या रकाने भरून लिहितात, आणि तेरा दिवस लोटले कीं सर्वत्र सामसूम होते. पुढें उरतें तें एखाद्या रस्त्यास वा संस्थेस दिलेलें नांव. त्या पुरुषानें केलें काय, हें मात्र तें नांव रोज उच्चारणाऱ्यांपैकींहि फारच थोड्यांस सांगतां येतें. ही रीत आम्हांस बरी वाटत नाहीं. ती कां, हें आमच्या लातूर-नांदेडकडील दोन उदाहरणांवरून विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

ता. १२ डिसेंबर २०२५ रोजीं श्री. शिवराज पाटील चाकूरकर लातूर येथें कालवश झाले. नव्वद वर्षांपूर्वीं, १९३५ सालीं, चाकूर या गांवीं त्यांचा जन्म झाला तेव्हां हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. लातूरच्या नगराध्यक्षपदापासून आरंभ करून ते वर चढले. १९८० ते १९९९ या काळांत लातूरच्या मतदारांनीं त्यांस सात वेळां लोकसभेंत पाठविलें, आणि १९९१ पासून १९९६ पर्यंत ते त्या सभेचे अध्यक्ष होते.

त्यांच्याविषयीं लोकांच्या बोलण्यांत दोनच सूर आढळतात. एक निव्वळ स्तुतीचा. दुसरा थट्टेचा. ते देशाचे गृहमंत्री असतां सप्टेंबर २००८ मध्यें दिल्लींत बॉम्बस्फोट झाले. त्या दिवशीं त्यांनीं वरचेवर पोशाख बदलला म्हणून सर्वत्र त्यांचें हसें झालें. पुढें २६ नोव्हेंबर रोजीं मुंबईवर हल्ला होऊन दीडशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, व चार दिवसांनीं नैतिक जबाबदारी पत्करून त्यांनीं पद सोडलें. त्या हल्ल्यानें संरक्षणव्यवस्थेंतील ज्या उणिवा उघड झाल्या, त्या झांकून त्यांचें चरित्र सांगतां येणार नाहीं. परंतु पुष्कळांस त्यांचें नांव घेतांच पोशाखाखेरीज दुसरें कांहींच आठवूं नये, हाहि न्याय नव्हे.

आतां त्यांच्या नांवाशीं क्वचितच जोडलें जाणारें एक काम पाहा. सरकारचें अंदाजपत्रक लोकसभेपुढें येतें तेव्हां प्रत्येक खात्याच्या मागण्यांची छाननी भर सभेंत करण्यास वेळ पुरत नाहीं. पुष्कळशा मागण्या चर्चेवांचूनच एकदम मंजूर होतात. यावर उपाय म्हणून १९८९ सालीं तीन समित्या नेमण्यांत आल्या होत्या. श्री. पाटील अध्यक्ष असतां, १९९३ च्या एप्रिलपासून, सर्व खात्यांकरितां मिळून १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. २००४ सालीं त्यांची संख्या २४ झाली. अशा समितींत सर्व पक्षांचे सभासद एकत्र बसतात, मंत्र्यांस तेथें सभासद होतां येत नाहीं, आणि खात्याच्या अधिकाऱ्यांस समोर बोलावून पैशापैशाचा जाब विचारतां येतो. हें काम त्यांनीं एकट्यानें केलें असें नव्हे. तथापि तें त्यांच्या कारकीर्दींत उभें राहिलें व त्यांच्या पश्चात् टिकलें आहे.

दुसरें उदाहरण श्री. शंकरराव चव्हाण यांचें. त्यांस जाऊन बराच काळ लोटला. २६ फेब्रुवारी २००४ रोजीं ते वारले. शिस्तीच्या कडकपणामुळें लोक त्यांस ‘हेडमास्तर’ म्हणत. दोन वेळां ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पैठणचें जायकवाडी धरण व नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्प यांच्या उभारणीशीं त्यांचें नांव निगडित आहे; नांदेड शहर आज विष्णुपुरीचेंच पाणी पितें. मात्र जायकवाडीच्या जलाशयाखालीं अनेक गांवें गेलीं, हेंहि त्याच चरित्राचें एक पान होय. तसेंच ता. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंत बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हां देशाचें गृहखातें त्यांच्याकडे होतें व त्याबद्दल त्यांस कठोर टीका सोसावी लागली. म्हणजे त्या पांच वर्षांत लोकसभेचें अध्यक्षपद लातूरकडे आणि गृहखातें नांदेडकडे, असा योग होता. आमच्या भागास त्याचा अभिमान वाटणें साहजिक आहे. पण अभिमानाबरोबर जमाखर्चहि ठाऊक असावा.

मेलेल्या माणसाचे दोष काढूं नयेत, असें वडीलधारीं माणसें म्हणतात. घरच्या माणसाविषयीं तें आम्हांसहि मान्य आहे, आणि चितेची राख निवण्यापूर्वीं कोणाचाहि हिशेब मांडूं नये हेंहि मान्य आहे. परंतु ज्यानें लोकांच्या मतांवर अधिकार भोगला, त्याच्या कामाचा हिशेब लोकांनीं ठेवणें हा त्याचा अपमान नव्हे. खरा अपमान होतो तो त्याचें चरित्र न वाचतां त्याच्या चित्रास हार घालण्यानें. शिवाय केवळ गुणच ऐकलेल्या मुलास थोर माणसें आपल्याहून निराळ्या जातीचीं वाटूं लागतात, व केवळ थट्टाच ऐकलेल्या मुलास लोकसेवेचा वीट येतो. दोन्हींकडून तोटा मुलाचाच.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी: यापुढें कोणी लोकसेवक निवर्तला कीं घरीं वडिलांस, आजोबांस व शाळेंत गुरुजनांस तीन प्रश्न विचारा. त्यांच्या हातीं काम आलें तेव्हां स्थिति कशी होती? त्यांनीं काय उभें केलें? आणि काय राहिलें वा चुकलें? उत्तरें एका वहींत लिहून ठेवा. पालकांनींहि उत्तर ठाऊक नसल्यास तसें मोकळेपणानें सांगावें व मुलांबरोबर बसून शोधावें. अशी वही दहा वर्षें ठेवाल, तर तिसऱ्या प्रश्नाखालीं लिहिलेल्या कामांपैकीं एखादें आपणच हातीं घ्यावें अशी इच्छा तुमच्यापैकीं कोणास तरी झाल्यावांचून राहणार नाहीं.