पत्ते आणि लेखणी

लेखणी अडली म्हणजे पुष्कळ लेखक टॅरोचे पत्ते मांडून बसतात. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे ७८ पत्ते खेळासाठी निघाले. भविष्यकथनाशी त्यांचा संबंध नंतर जडला. इटालियन कथाकार इतालो काल्व्हिनो यांनी त्यांना भविष्य विचारले नाही. चित्रे ओळीने मांडून त्यांतून कथा वाचल्या. पहिली कथामाला जमली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. दुसरी मात्र कितीदा डाव मोडून मांडला तरी जुळेना. अखेर त्या ध्यासातून सुटण्यासाठीच त्यांनी ती १९७३ मध्ये छापावयास दिली.

वाचकहो, पत्ता उत्तर देत नाही. ‘या चित्रात तुला काय दिसते?’ एवढेच तो विचारतो. लिहावयाचे आपणच, आणि पत्ते केव्हा आवरावयाचे हेही आपणच ठरवावयाचे.