तारीख मिळेपर्यंतचे दिवस

डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे हे मला मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळलं. खरं तर आधी माझ्या नवऱ्याला कळलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगून त्याला आत बोलावलं. पंचवीस वर्षं मी बायकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले, 'जे बोलायचं ते तिच्याशी बोला' असं फौजदाराला ठणकावलं. आणि त्या दिवशी मुकाट्याने बाकावर बसून राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

आज चौथा आठवडा. उपचार सुरू झालेले नाहीत. बायोप्सीचा तुकडा पुन्हा तपासायला गेला. गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, हर-टू आहे का, हे बघून आधी केमो की आधी ऑपरेशन ते ठरतं. मग स्कॅन, मग योजनेची मंजुरी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, आपण इथे बसलोय आणि आत गाठ रोज रात्री वाढतेय. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरणीने सांगितलं, 'तपासण्यांना दोन-चार आठवडे जातातच, त्याने बिघडत नाही. महिनोन्महिने मात्र रेंगाळू नका.' त्या रात्री मला झोप लागली.

बाकीच्या रात्री मी काय केलं? साठवणीचे गहू निवडले, तिखट कांडून आणलं, कुरडया घातल्या. आजारी मी पडणार, आणि माझ्या आजारपणात घरच्यांचे हाल होऊ नयेत याची तयारीही मीच करत होते!

भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणते, 'ताई, तुम्ही किती खंबीर! तुम्हीच आम्हाला धीर द्यायचा.' मैत्रिणींनो, हे वाक्य आपण बंद करू या. मी खंबीर नाही, मला भीती वाटते. आणि 'मन पॉझिटिव्ह ठेवलं की निम्मा रोग पळतो' हेही नको. त्यात एक छुपा आरोप आहे. बरी झाली नाही तर तिचंच मन कमी पडलं, असा. मार खाणाऱ्या बाईला 'तूच जुळवून घ्यायला हवं होतंस' म्हणतात, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

आमच्या वन्सं म्हणाल्या, 'या वयात काय करायचंय त्याचं? काढून टाक, मोकळी हो.' मायेनेच म्हणाल्या. बाई म्हणजे नुसतं शरीर नव्हे, हे शिबिरांतून मीही सांगत आले. पण न्हाणीघराचं दार लावून रडले ती त्याच शरीरासाठी. आधी त्यात विसंगती वाटली. आता वाटत नाही.

ऑड्री लॉर्ड या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्रीच्या स्तनात १९७७ साली गाठ सापडली. ती कर्करोगाची नाही हे कळेपर्यंत तीन आठवडे गेले. (पुढच्याच वर्षी मात्र कर्करोग निघाला.) त्या तीन आठवड्यांत आपल्याला सगळ्यात जास्त पस्तावा झाला तो गप्प राहिल्याचा, असं तिने लिहून ठेवलंय. वाचताना मला तो बाक आठवला.

पुढच्या खेपेला त्याच बाकावर शेजारी एक खेड्यातली बाई होती. फाइल सतत दिराच्या हातात. तो झेरॉक्स काढायला गेला आणि एक कागद तिच्याकडे राहिला. तिने विचारलं, 'ताई, ह्यात काय लिवलंय?' मी म्हटलं, 'खरं ऐकायचंय का?' तिने मान हलवली. मी सांगितलं. पदराशी चाळा करत ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'वाटलंच हुतं. आठ दिस झालं, घरातली समदी ग्वाड बोलत्यात.'

मी केलं ते बरोबर की चूक, यावर गटात वाद झाला. ते डॉक्टरांचं काम होतं, असं काहींचं म्हणणं. असेल. पण डॉक्टर दिराशी बोलत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईनेही संमती देऊन चालत नाही. ती तिची तिनेच, सगळं समजून द्यायची. मग निदान तिच्यापासून लपवून संमती कसली घेणार? आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ९० हजारांवर बायकांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणींनी हे दिवस 'साधी गाठ आहे' असं ऐकत काढले असतील?

कोर्टाच्या तारखेला आपण बाईबरोबर जातो, तसं या तारखांनाही जायला हवं. सल्ले द्यायला नव्हे. माझी एक मैत्रीण येते, 'आज काय करायचं?' एवढंच विचारते आणि गहू निवडायला बसते. मी रडले तर रडू देते. मग दोघी मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहितो. आतापर्यंत सतरा झालेत.

येत्या गुरुवारी तारीख मिळेल. नवरा येणार आहे, तीही येणार आहे. वही आणि थर्मास तिच्याकडे. फाइल माझ्या हातात असेल.