जळक्या वासाचे तोंड दाबू नका

माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या उसाच्या मुलखातून मोटार चालली आहे. बाहेर कडक ऊन, काचा बंद, वातानुकूलन चालू. एकाएकी जळका वास येतो. अशा वेळी पुष्कळजण गाडीत सुगंधी डबी ठेवून मोकळे होतात. माझ्या मते, हे साक्षीदाराचे तोंड दाबणे झाले. त्याची उलटतपासणी घ्यायला हवी, आणि तीही एका वेळी एकच गोष्ट बदलून.

प्रथम बाहेरची हवा आत घेणे बंद करा. थोड्या वेळाने वास ओसरला, तर तो शेतात पेटवलेल्या पाचटाचा असू शकेल. ओसरला नाही, तर गाडी थांबवून शीतकरण बंद करा. नुसता पंखा क्षणभर चालू ठेवा. वास गेला, तर संशय कॉम्प्रेसरवर व त्याच्या रबरी पट्ट्यावर घ्यावा. येतच राहिला, तर पंख्याच्या मोटारीवर आणि तारांच्या जोडांवर. धूर दिसला मात्र तपासणी पुरे! इंजिन बंद करून सर्वांनी दूर व्हावे.

फ्यूज शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंख्याला 20 अँपिअर प्रवाह जात असेल आणि सैल जोडाचा रोध 0.1 ओहम असेल, तर तिथे 20 × 20 × 0.1, म्हणजे 40 वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी! प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूज वितळत नाही. पण जोडाचे प्लॅस्टिक वितळते. ते आधी कळते नाकालाच. असा जोड कारागिराकडून बदलूनच घ्यावा. आणि फ्यूज उडालाच, तर त्याजागी जाड तार घालणे हा शुद्ध अविचार होय.